वाचकांचे प्रश्न : जादूची शाळा पुन्हा भरते आहे

जादूच्या शाळेत शिकणाऱ्या हॅरी पॉटर या मुलाच्या सात पुस्तकांवर एचबीओ ही अमेरिकी वाहिनी नव्याने मालिका तयार करत आहे, आणि त्या पुस्तकांच्या लेखिका जे. के. रोलिंग यांच्या मतांवरून गेली काही वर्षे मोठा वाद चालू आहे. नाशिकमध्ये मी बावीस वर्षे मुलांचे वाचनालय चालवले. या पुस्तकांना जीव लावणारी मुले मी जवळून पाहिली आहेत, तरीही या एका विषयावर इतकी पत्रे येतील असे मला वाटले नव्हते. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. हॅरी पॉटरचे मराठी भाग त्याने वाचनालयातून आणून वाचले आणि आता तो नव्या मालिकेची वाट पाहतो आहे. माझी पुतणी शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. ती म्हणते, "काकू, ही मालिका घरात लागली तर मी तेवढा वेळ बाहेर जाऊन बसेन. त्या बाईंना आपले पैसे जायला नकोत." सासूबाईंचे म्हणणे असे की ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, पोराला सुखाने पाहू द्या. मुलगा दोघींच्या मध्ये सापडला आहे आणि मला तर हा वादच नीट माहीत नाही. मी काय करावे?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, आधी वाद काय आहे ते सांगते, कारण तो अर्धवट कानावर आल्यामुळेच घराघरांत भांडणे वाढतात. डिसेंबर 2019 मध्ये रोलिंग यांनी ब्रिटनमधील एका महिलेला जाहीर पाठिंबा दिला. लिंग जन्माने ठरते आणि ते बदलत नाही, अशी मते मांडल्यानंतर त्या महिलेचा नोकरीचा करार पुढे वाढवण्यात आला नव्हता. जून 2020 मध्ये रोलिंग यांनी या विषयावर एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. स्वतःवर झालेल्या घरगुती हिंसाचाराचा आणि लैंगिक अत्याचाराचा त्यांनी त्यात उल्लेख केला होता, आणि केवळ स्वतःच्या सांगण्यावरून कोणालाही स्त्री मानले गेले तर स्त्रियांसाठी राखलेल्या जागा सुरक्षित राहतील का, असा त्यांचा प्रश्न होता. पारलिंगी लोकांना, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी आहे त्यांना, हे लेखन फार लागले. आधीच अवहेलना सोसणाऱ्या एका लहानशा समाजाकडे सगळ्यांनी संशयाने पाहावे असे त्यातून सुचवले गेले, असे त्यांचे म्हणणे आहे. चित्रपटांत हॅरीची भूमिका केलेल्या डॅनिएल रॅडक्लिफ यांनी त्याच महिन्यात पारलिंगी स्त्रिया या स्त्रियाच आहेत असे निवेदन काढले, आणि हॅरीच्या दोन जिवलग मित्रांच्या भूमिका केलेले एमा वॉटसन व रुपर्ट ग्रिंट हेही त्याच बाजूने बोलले.

त्यानंतर रोलिंग केवळ लिहून थांबल्या नाहीत. 'फॉर विमेन स्कॉटलंड' या संघटनेच्या न्यायालयीन लढ्यासाठी त्यांनी 70,000 पौंड दिले. त्या खटल्यात 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की 2010 च्या समानता कायद्यातील 'स्त्री' हा शब्द जन्माने स्त्री असलेल्या व्यक्तीपुरता आहे. पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून असलेले कायद्याचे संरक्षण मात्र कायम राहते, हेही त्याच निकालात स्पष्ट केले गेले. ही दोन्ही वाक्ये आपल्या पुतणीसमोर आणि सासूबाईंसमोर सारख्याच आवाजात वाचावीत अशी माझी विनंती आहे.

आता सासूबाईंच्या म्हणीकडे येते. आपण नाशिककरांनी ही म्हण जरा जपून वापरावी असे मला वाटते, कारण नदीचे मूळ शोधायला आपणच मुलांचा हात धरून त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढतो. वर पोहोचल्यावर मूल विचारते, "एवढेच पाणी?" आणि आपण त्याला सांगतो की हीच पुढे आपल्या रामकुंडावर येते. मूळ पाहिल्याने गोदावरी कोणाच्या मनात लहान झालेली मी पाहिलेली नाही. पण म्हणीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कूळ म्हणजे जन्म, आणि जन्म कोणी निवडून घेत नाही. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याला त्याच्या जन्मावरून जोखू नका, असे ही म्हण सांगते. रोलिंग यांच्यावरचा आक्षेप त्यांच्या कुळावर नाही. तो त्यांनी विचारपूर्वक घेतलेल्या, जाहीर केलेल्या आणि ज्यासाठी पैसा खर्च केला अशा भूमिकेवर आहे, त्यामुळे ही म्हण त्यांच्या बचावाला पुरत नाही. उलट, माणसाला त्याच्या जन्मावरून जोखू नये हा म्हणीचा गाभा धरला तर ती आपल्या पुतणीच्या बाजूने अधिक बोलते. सासूबाईंना हे समजावून सांगितले तर त्या रागावणार नाहीत असे मला वाटते. म्हणी वापरणाऱ्या माणसांना म्हणीचा अर्थ कळलेला आवडतो.

मग मुलाच्या हातातले पुस्तक काढून घ्यावे का? माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाऊले' असे तुकोबांनी म्हटले, पण पुस्तक वाचणे म्हणजे लेखकाची पाऊले वंदणे नाही. आपल्या मुलाने वाचले ते जिन्याखालच्या अडगळीत झोपणाऱ्या एका पोरक्या मुलाबद्दल आहे, आणि शुद्ध रक्ताचा गर्व करणारी माणसे कशी क्रूर होतात याबद्दल आहे. ते त्याने मनापासून वाचले असेल तर आज लेखिकेच्या मतांमुळे ते खोटे ठरत नाही.

मालिकेचे मात्र वेगळे आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाची गाठ येथेच आहे. मूळ लेखक हयात नसताना त्याच्या पुस्तकावर कोणी काही केले तर प्रश्न फक्त पुस्तकाचा असतो. येथे लेखिका हयात आहेत, हक्क त्यांचे आहेत, आणि नव्या मालिकेच्या त्या कार्यकारी निर्मात्याही आहेत. लेखक आणि दिग्दर्शक निवडताना त्यांचा मोठा सहभाग होता, असे वाहिनीच्या प्रमुखांनीच सांगितले आहे. वाहिनीची भूमिका अशी की रोलिंग यांना स्वतःची मते मांडण्याचा हक्क आहे आणि ती मते मालिकेत येणार नाहीत. पण आपल्या पुतणीचा मुद्दा मालिकेत काय येईल हा नाहीच. मालिकेतून मिळालेला पैसा कोठे जाईल हा आहे. त्या मुद्द्याला वाहिनीच्या निवेदनात उत्तर नाही. म्हणून पुस्तक वाचणे आणि नव्या मालिकेसाठी पैसे भरणे ही दोन कामे आपण घरात वेगवेगळी धरावीत, आणि एकाचा निर्णय दुसऱ्यावर लादू नये.

माझ्यापुरते विचाराल तर मी या मालिकेसाठी पैसे भरणार नाही, आणि माझ्या नातीच्या हातातले पुस्तकही काढून घेणार नाही. पण जे ती पाहतील त्यांना मी हलके लेखणार नाही. त्याच मालिकेत स्नेप या शिक्षकाची भूमिका करणारे पापा एसिएडू यांनी 2025 मध्ये पारलिंगी समाजाच्या पाठिंब्याच्या खुल्या पत्रावर सही केली आणि भूमिकाही सोडली नाही. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी करता येतात.

घरात एवढेच करा. पुतणीला सांगा की बाहेर जाऊन बसण्याआधी तिने एकदा चुलतभावाला आपले म्हणणे स्वतः सांगावे, त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत आणि त्याच्या आवडीची टर न उडवता. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळते. मी मुलांशी या विषयावर बोलले आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "मग त्या लोकांना कोणी त्रास देते का?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. मालिका पाहायची असे आपले ठरले तर ती दिवाणखान्यात सगळ्यांनी मिळून पाहण्याचा सोहळा करू नका. पुतणीही त्या घरात राहते, आणि तिच्या आक्षेपाला हट्ट म्हणू नये.

प्रश्न : आठ चित्रपट झाले, शेवटचा 2011 मध्ये आला. इतक्या लवकर तेच पुन्हा करण्याची गरज काय? नवी गोष्ट सुचत नाही म्हणून जुनी उकरून काढायची, असेच ना?
– एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : पैसा हे कारण आहेच. पहिले पुस्तक 26 जून 1997 रोजी ब्लूम्सबरीने काढले तेव्हा बांधीव पुठ्ठ्याच्या जेमतेम 500 प्रती छापल्या होत्या, आणि आज सातही पुस्तकांच्या मिळून 60 कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. दर महिन्याला वर्गणीदार टिकवायचे असलेल्या वाहिनीला अशी ओळखीची गोष्ट मिळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. 2023 मध्ये घोषणा झाली तेव्हाच ही मालिका सुमारे दहा वर्षे चालवण्याची योजना सांगितली गेली होती.

पण गोष्टीच्या बाजूनेही एक कारण आहे आणि ते मला पटते. पाचवे पुस्तक मूळ ब्रिटिश आवृत्तीत 766 पानांचे आहे, सातांमध्ये सर्वांत मोठे, आणि त्याचा चित्रपट 138 मिनिटांचा आहे. एवढ्या पानांतले काय राहिले आणि काय गळले याचा अंदाज आपल्याला येईल. शाळेत धुमाकूळ घालणारे पीव्हज नावाचे खोडकर भूत चित्रपटांत कधीच दिसले नाही. घरगड्यासारखे राबणाऱ्या एल्फ नावाच्या बुटक्या जीवांच्या हक्कांसाठी हॅरीची मैत्रीण हर्मायनी जी चळवळ उभारते, ती चित्रपटांनी गाळून टाकली. माझ्या वाचनालयातील मुली याच गोष्टीवर सर्वांत जास्त भांडत असत, कारण त्यांना हर्मायनी आवडत असे ती त्या चळवळीमुळे.

तीच गोष्ट पुन्हा सांगणे आपल्याला नवे नाही. फास्टर फेणे दूरदर्शनवर आला, आणि 2017 मध्ये मोठ्या पडद्यावर मोबाइल हातात घेऊन पुन्हा आला. त्या चित्रपटात लेखक भा. रा. भागवत हेच एक पात्र होते आणि दिलीप प्रभावळकरांनी ते केले होते. लेखकाला त्याच्याच नायकाच्या घरमालकासारखे शेजारी आणून बसवावे इतके प्रेम त्या कथेच्या नव्या पिढीला वाटत होते. हॅरीच्या नव्या मालिकेत काम करणाऱ्यांना मात्र प्रत्येक मुलाखतीत लेखिकेबद्दलच्या प्रश्नाची तयारी करून जावे लागते, आणि या दोन पुनरागमनांमधला हा फरक मला फार जाणवतो. पुन्हा सांगण्यात दोष नाही. ज्यांच्याकडून ही गोष्ट आली त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आपण मराठी अनुवाद विकत घेतला किंवा जुने पुस्तक घेतले, तरी लेखिकेला पैसे मिळतात का?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : नवी प्रत घेतली तर मानधनाचा वाटा मूळ लेखकाकडे जातो, मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढले आहेत आणि तेही लेखिकेच्या परवानगीनेच निघतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या किंवा मित्राकडून आणलेल्या प्रतीतून लेखकाला काहीही मिळत नाही, कारण प्रत एकदा विकली गेली की तिच्यावरचा तो हिशेब संपतो. ब्रिटनमध्ये वाचनालयातून पुस्तक नेले तरी लेखकाला थोडी रक्कम मिळण्याची कायदेशीर सोय आहे, आपल्याकडे ती नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात 60 वर्षे आणि ब्रिटनमध्ये 70 वर्षे हक्क टिकतो, तेव्हा ही पुस्तके सर्वांसाठी खुली होण्याची वाट आज वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहू नये.

एक गोष्ट अवांतर असली तरी सांगते. पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे. मूळ इंग्रजी नावात जो दगड आहे त्याला आपल्या भाषेत संतांच्या काळापासून शब्द तयार होता, आणि अनुवादात तो अगदी सहज येऊन बसला. पुस्तकावरचा राग करताना अनुवादकाच्या या कामाकडे दुर्लक्ष होऊ नये.

प्रश्न : माझे नाव छापू नये. मी चोवीस वर्षांची पारलिंगी स्त्री आहे. शाळेत मला मुलगा म्हणून बसवत आणि मुलगी म्हणून चिडवत. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात जाऊन हॅरी पॉटर वाचायची, कारण तेथे कोणी येत नसे. अकराव्या वाढदिवसाला हॅरीसारखे मलाही जादूच्या शाळेचे पत्र येईल असे मला खरोखर वाटत होते. आता मी ती पुस्तके पेटीत ठेवली आहेत. ज्या बाईंच्या गोष्टीत मी लपले, त्यांनाच मी नको आहे असे वाटते. नव्या मालिकेबद्दल मैत्रिणी आनंदाने बोलतात आणि मी गप्प बसते. मी कृतघ्न आहे का? आणि ती पुस्तके टाकून द्यावीत का?
– सिडको, नाशिक

उत्तर : नाही, तुम्ही कृतघ्न नाही. कृतज्ञता ज्या गोष्टीबद्दल होती ती गोष्ट आणि आज दुखावणारी गोष्ट या दोन्ही एकाच दारातून आल्या, म्हणून तुम्हाला तसे वाटते. तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि उत्तर लिहायला चार दिवस घेतले, कारण घाईने दिलेल्या धीराचा तुम्हाला काही उपयोग झाला नसता.

माझ्या वाचनालयात पहिल्या भागाची एक प्रत होती. देवघेवीच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मारायला जागा उरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिठ्ठी डकवली, मग तिसरी. पुठ्ठा निखळला तेव्हा बांधणीवाल्याने तिला निळे कापड लावून दिले. एक मूल ती प्रत सतत नेत असे. नेताना ते एकदाही बोलले नाही, आणि परत करताना मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला असे, नेहमी त्याच पानाचा. मी एकदा ते पान उघडून पाहिले. ज्याला जे सर्वांत हवे आहे ते दाखवणारा आरसा त्या पानावर होता. त्या मुलाला त्या आरशात काय दिसत होते ते मला ठाऊक नाही, आणि रोलिंग यांनाही ठाऊक असणे शक्य नाही. त्यांनी आरसा लिहिला. त्यात काय दिसले ते त्या मुलाचे होते. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून तुम्ही जे वाचले, त्यातही तुम्हाला जे दिसले ते तुमचे आहे. 2020 च्या आपल्या निवेदनात रॅडक्लिफ यांनी दुखावलेल्या वाचकांना हेच सांगितले होते, की त्या गोष्टींत तुम्हाला जे मिळाले ते तुम्ही आणि ते पुस्तक यांच्यातले आहे. त्या चित्रपटांनी ज्याचे आयुष्य घडवले त्या माणसाने हे लिहिले, म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते.

पण याचा अर्थ तुम्हाला आज वेदना होऊ नये असा मी काढणार नाही. पुस्तक तुमचे आहे हे कितीही खरे असले, तरी पान उलटताना लेखिकेचे नाव डोळ्यांसमोर येते आणि मन आत ओढले जाते, आणि त्याला कोणाचा युक्तिवाद औषध म्हणून लागू पडत नाही. पुस्तके पेटीतच राहू द्यावीत असे वाटत असेल तर राहू द्या. टाकून मात्र आज देऊ नका, कारण टाकलेली वस्तू परत मागता येत नाही आणि पेटी पुढे कधीही उघडता येते. रोलिंग यांच्या अत्याचाराच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे आणि त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या भीतीचे ओझे ज्यांच्या खांद्यावर ठेवले गेले त्यांत तुमच्यासारखी, मधल्या सुट्टीत कोपरा शोधणारी मुले होती, आणि ते ओझे त्यांचे नव्हते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडेही आरसे साफ आहेत असे नाही. कोजागरीला सप्तशृंगीच्या गडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो, लोक वाकून आशीर्वाद घेतात, आणि गडावरून खाली उतरल्यावर त्यांच्यापैकी कोणी भाड्याने खोली मागितली की तीच माणसे खोली आधीच दिली गेली असे सांगतात. 15 एप्रिल 2014 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. कायद्याच्या पुस्तकात ते वाक्य आहे आणि तुम्हाला ते हवे तेव्हा वापरता यावे म्हणून तारखेसह लिहिले आहे.

राहिल्या मैत्रिणी. सगळ्यांना एकदम सांगण्याची गरज नाही. त्यांतील जिच्याजवळ तुम्ही सर्वांत मोकळ्या आहात तिला एकटीला सांगा की ही मालिका पाहू नकोस असे मी म्हणत नाही, पण तू तिच्याबद्दल बोलतेस तेव्हा मी गप्प का होते हे तुला माहीत असावे. एवढे एक वाक्य पुरे होईल. त्यानंतर ती काय करते ते पाहा. ती दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर तितक्याच मोठ्याने बोलली तर ती तुमची किती जवळची आहे हे तुम्हाला कळेल, आणि ती थोडी थांबून बोलली तरीही कळेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आम्ही काही निवृत्त मंडळींनी छोटे वाचनालय सुरू केले आहे. हॅरी पॉटरचे सातही भाग देणगीत आले आहेत. एका तरुण सभासदाने ते काढून टाकण्याची लेखी मागणी केली आहे. दुसरे सभासद म्हणतात की काढू नका, पण आत लेखिकेच्या मतांबद्दल सूचना चिकटवा. समितीची बैठक आहे. आपले मत कळवावे.
– एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : सर, पुस्तके ठेवा आणि सूचना चिकटवू नका, असे माझे मत आहे. दोन्ही गोष्टींची कारणे देते, कारण बैठकीत ती आपल्याला लागतील.

अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने 2000 ते 2009 या दशकात ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती नोंदवल्या गेल्या त्यांची यादी केली, तिच्या अग्रभागी हीच पुस्तके होती. तेव्हा हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे असे होते की यातून मुलांना जादूटोणा शिकवला जातो. माझ्याकडेही एक पालक त्याच कारणासाठी आले होते, आणि मी पुस्तके काढली नाहीत. तेव्हा मी जे केले ते योग्य असेल, तर आज हरकत ज्यांची आहे त्यांच्याशी मी बरीचशी सहमत असूनही मला तेच करावे लागेल. कपाटातले पुस्तक हरकतीने निघू शकते असा पायंडा पडला की पुढची हरकत कोणाची असेल ते आपल्या हातात राहत नाही. पारलिंगी लोकांवरची पुस्तके ठेवण्यालाच उद्या कोणी हरकत घेईल, आणि तेव्हा समितीला याच ठरावाचा आधार लागेल.

सूचना चिकटवण्याबद्दल मला अधिक संकोच वाटतो, कारण ती मागणी समंजस वाटते. पण मग प्रत्येक लेखकाची तपासणी समितीला करावी लागेल. आपल्या मराठीतील कितीतरी मान्यवरांनी जातीबद्दल आणि स्त्रियांबद्दल जे लिहून ठेवले आहे ते वाचले तर अर्ध्या कपाटाला चिठ्ठ्या लावाव्या लागतील, आणि चिठ्ठी नसलेले पुस्तक निर्दोष आहे असा नवाच गैरसमज होईल. आपल्याच शहरात 1840 पासून सार्वजनिक वाचनालय उभे आहे. तेथील कपाटांत एकमेकांशी आयुष्यभर भांडलेले लेखक शेजारी शेजारी उभे आहेत, आणि वाचकाने दोघांनाही घरी नेऊन स्वतः ठरवायचे आहे.

त्या तरुण सभासदाला मात्र नुसता नकार कळवू नका. त्याने लेखी मागणी केली म्हणजे त्याला वाचनालयाची आस्था आहे. त्याला बैठकीला बोलवा, पाच मिनिटे बोलू द्या, आणि नोंदवहीत त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. नवी मालिका सुरू होईल तेव्हा सोसायटीतली मुले ही पुस्तके मागायला येतीलच. तेव्हा एखाद्या रविवारी त्यालाच मुलांशी बोलायला बसवता येईल. वर्गणीतून या पुस्तकांच्या आणखी प्रती विकत घेऊ नका, देणगीत आलेला संच पुरेसा आहे. नव्या खरेदीत मोठ्यांच्या कपाटासाठी लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन आणि दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह घ्यावा. दोन्ही मूळ मराठी पुस्तके आहेत, आणि या विषयावर बोलणाऱ्या समितीने ती आधी स्वतः वाचलेली बरी. 'कुरूप' मिळायला अडचण आली तर कळवा, माझ्याकडची प्रत बैठकीच्या आधी आपल्याकडे पोहोचती करेन.